खडा बाजूला काढून ठेवणारी माणसं





आमच्या कुत्र्याच्या खाण्यात तार निघाली. एवढ्याशा गोष्टीवर लेख लिहायचा का, असं घरच्यांनीही विचारलं. पण दिवाळीच्या फराळाला जमलेल्या आपल्याच मंडळींशी त्या तारेवरून जो वाद झाला, तो ऐकल्यावर मला वाटलं की लिहायलाच हवं. वाद कुत्र्यावरून सुरू झाला आणि आपल्या सगळ्यांवर येऊन संपला.

आधी घडलेलं सांगते. मुलीच्या हट्टापायी पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे कुत्रा आला. मुलगी त्याला ऑस्कर म्हणते, सोलापूरहून येणाऱ्या सासूबाई मोत्या म्हणतात, तो दोन्ही नावांना ओ देतो. मागच्या ऑक्टोबरात एका सकाळी तो खाता खाता केकाटला. तोंड उघडून पाहिलं तर हिरडीतून रक्त येत होतं आणि एक बारीक, चकचकीत तार रुतून बसली होती. डॉक्टरांनी ती काढली. बिल झालं ३४० डॉलर. घरी येऊन मी तार पट्टीवर ठेवून मोजली. १९ मिलिमीटर.

मोजणं हा माझा पेशाच आहे. न्यू जर्सीतल्या औषध कंपन्यांत गुणवत्ता विभागात १४ वर्षं काम करते आहे. मानवी अन्नातल्या कठीण, अणकुचीदार वस्तूंबद्दल एफ.डी.ए.ची एक मार्गदर्शिका आहे. ७ ते २५ मिलिमीटर लांबीची अशी वस्तू खायला तयार असलेल्या अन्नात सापडली तर ते अन्न भेसळयुक्त समजून कारवाई करता येते. ही मोजपट्टी माणसाच्या अन्नासाठी आहे हे खरं. पण १९३८च्या मूळ कायद्यात अन्नाची व्याख्याच अशी आहे की माणसाचं आणि इतर प्राण्यांचं, दोघांचंही खाणं पिणं तिच्यात येतं. ‘कुत्र्याचंच तर खाणं’ हा शेरा आपला आहे. कायदा असं म्हणत नाही.

मी पिशवीवरच्या नंबरावर फोन केला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलली. कुत्र्याचं नाव विचारलं, तो आता कसा आहे विचारलं, ‘आम्हीही प्राणीप्रेमी आहोत’ म्हणाली. मग दोन गोष्टी देऊ केल्या. तार पाठवायला टपालखर्च भरलेलं पाकीट, आणि ९० डॉलरची कूपनं. मी म्हटलं, मला कूपनं नकोत. या लॉटबद्दल आणखी तक्रारी आल्या आहेत का, आणि तुमच्या चाळण्या कधी तपासल्या, एवढं सांगा. ती म्हणाली, ही माहिती देता येत नाही. आठवड्याने मेल आली. डॉक्टरांचं पूर्ण बिल देऊ, कूपनं देऊ, सोबतच्या कागदावर सही करा. कागदाचा मथितार्थ असा की विषय मिटला आणि याबद्दल मी कुठेही बोलणार नाही.

मी सही केली नाही. पण यात मोठेपणा घ्यायला मला तोंड नाही, कारण त्याच्या दोन वर्षं आधी याच कंपनीच्या पिशवीत मला निळ्या प्लास्टिकचा एक तुकडा सापडला होता. तेव्हाही फोन केला होता. ४० डॉलरची कूपनं आली, मी ती वापरली आणि विसरले. लॉट नंबर लिहून ठेवला नाही. तुकडा फेकून दिला. अधिकृत कुठेही कळवलं नाही. ऑफिसात जी बाई साध्या गोळीवरच्या डागाची तक्रार आली तरी तिला क्रमांक देते, चौकशी करते, फाइल बंद करताना सही करते, तीच बाई घरी ४० डॉलरला गप्प बसली. औषधाच्या कारखान्यात तक्रार लेखी असो वा तोंडी, ती नोंदवून ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यामागचं कारण मी नवीन मुलांना दर वर्षी शिकवते. एक तक्रार म्हणजे किस्सा. एकाच लॉटच्या तीन तक्रारी म्हणजे इशारा. पण तिन्ही एका ठिकाणी पोचल्या तरच. कूपन नेमकी तीच साखळी तोडतं. ग्राहकाला भरपाई मिळाल्यासारखी वाटते आणि इशाऱ्याचा पुन्हा किस्सा होतो.

आता फराळाच्या दिवशीचा वाद. चार मुद्दे निघाले, चारही आपल्या नेहमीच्या ओळखीचे.

पहिला मुद्दा एका जुन्या मित्राचा. ‘अगं, भारतात माणसांना धड खायला मिळत नाही आणि तू कुत्र्याच्या खाण्यावर पत्रं लिहितेस?’ हे वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी कितीजण माणसांच्या भुकेसाठी काही करतात, ते सोडून देऊ. सासूबाईंनी त्याला तिथल्या तिथे सुनावलं, ‘अरे, कुत्र्याने भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी खाऊ नको म्हणून. आणि इथे तुम्ही तार वाढताय.’ पण समजा, एखाद्याला नामदेवांचंही काही वाटत नाही आणि कुत्र्याचंही नाही. त्याने निदान माणसांसाठी म्हणून २००७ आणि २००८ ही दोन वर्षं आठवावीत.

२० फेब्रुवारी २००७ रोजी मेनू फूड्स या कंपनीकडे पहिली तक्रार आली की जनावरं आजारी पडताहेत. ही कंपनी एकाच कारखान्यातून अनेक ब्रँडांचं ओलं अन्न बनवून देत असे, त्यामुळे दुकानातली महाग आणि स्वस्त पाकिटं एकाच भट्टीतून निघत होती. कंपनीने स्वतः चाचणी घेतली, तिच्यातही जनावरं दगावली. माल परत बोलावल्याची घोषणा झाली १६ मार्चला, म्हणजे २४ दिवसांनी. सुमारे ६ कोटी डबे आणि पाकिटं. नंतर शोध लागला की चीनमधून ‘गव्हाचं ग्लुटेन’ म्हणून आलेल्या पिठात मेलामाइन मिसळलेलं होतं. आपल्याकडे न फुटणाऱ्या ताटल्या मिळत, त्या ज्याच्या बनतात तेच मेलामाइन. प्रथिनांची रूढ चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनचा वजनाने दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. पीठ हलकं, पण कागदावर प्रथिनं भरपूर. त्यातच सायन्युरिक आम्ल मिसळलेलं होतं. दोन्ही मिळून मूत्रपिंडात खडे झाले आणि जनावरं गेली.

किती गेली? याचं नेमकं उत्तर कुणाकडेच नाही. माणसांच्या साथींची नोंद ठेवायला या देशात सी.डी.सी. आहे, पाळीव जनावरांसाठी तशी यंत्रणा तेव्हा नव्हती. सुरुवातीच्या आठवड्यांत अधिकृतपणे खात्रीलायक म्हणून मोजलेले मृत्यू विसाच्याही आत होते, तर लोकांनी स्वतःहून कळवलेले हजारांत. एफ.डी.ए.कडे शेवटी १७ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. या प्रकरणाचं गांभीर्य जे काही देशाला कळलं ते या लोकांमुळे. मांजर मेलं तरी फोन उचलून सरकारला कळवणं ज्यांना हास्यास्पद वाटलं नाही, अशी ही माणसं.

आणि ‘कुत्र्याचंच खाणं’ कुत्र्यापर्यंत थांबलं का? त्या कारखान्यांतलं उरलंसुरलं अन्न डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात गेलं होतं, आणि त्यातल्या काहींचं मांस माणसांच्या ताटात पोचलं होतं. धोका अत्यल्प आहे असं सरकारी शास्त्रज्ञांनी ठरवलं, आणि ते बरोबरही असेल. पण पुढच्याच वर्षी तेच मेलामाइन, त्याच युक्तीने, चीनमध्ये तान्ह्या मुलांच्या दुधात सापडलं. दुधात पाणी घालायचं आणि प्रथिनांचा आकडा मेलामाइनने भरून काढायचा. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली. कुत्र्या-मांजरांनी एक वर्ष आधी दिलेली ती सूचना होती.

त्या दुधाच्या प्रकरणातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. चेच्यांग प्रांतातल्या एका बापाने मे २००८ मध्ये, म्हणजे बोभाटा होण्याच्या चार महिने आधी, सानलू कंपनीच्या पावडरीमुळे आपल्या मुलीला त्रास होतोय असं इंटरनेटवर उघड लिहिलं होतं. कंपनीने त्याला गाठलं आणि दूध पावडरची चार खोकी दिली. मजकूर नाहीसा झाला. कंपनीने माल परत बोलावला तो सप्टेंबरात. मधल्या चार महिन्यांत ती पावडर घरोघर खपत राहिली. त्या बापाला दोष द्यायला मी धजत नाही. माझी किंमत ४० डॉलर होती.

दुसरा मुद्दा जरा खालच्या आवाजात आला. ‘हे सगळं त्या मेक्सिकन लोकांमुळे. कामात लक्ष नसतं.’ आपल्यातल्या शिकल्यासवरल्या, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसांच्या तोंडून हे वाक्य किती सहज निघतं, याची मला लाज वाटते. कोरडं खाणं कसं बनतं ते पाहा. दळलेला माल चाळला जातो, वाफेवर शिजवून साच्यातून दाबून बाहेर काढला जातो, पात्याने त्याचे तुकडे पडतात, मग वाळवतात. वाटेत चाळण्या, पाती, साफ करायचे तारेचे ब्रश असतात आणि ते सगळं झिजतं. शेवटी धातुशोधक यंत्र बसवलेलं असतं. पण स्टेनलेस स्टील त्याला सगळ्यात कठीण जातं, आणि बारीक तार असेल तर ती कशी आडवी-उभी जाते त्यावरही ती सापडणं अवलंबून असतं. म्हणूनच चाळणी फाटण्याआधी बदलावी लागते. ती कधी बदलायची, यंत्र किती वेगाने चालवायचं, किती वेळा थांबवून तपासायचं, हे ओळीवर उभा असलेला माणूस ठरवत नाही. २००७चं प्रकरण तर हलगर्जीपणाही नव्हता. कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन केलेला तो हिशोब होता.

आणि समजा, त्या रात्रपाळीच्या माणसाला उसवलेली चाळणी दिसली होती. तो का बोलला नसेल? नोकरी जाईल म्हणून. कागदपत्रं विचारतील म्हणून. आपण काय, इथे परकेच, म्हणून. ही कारणं तुम्हाला कुठे ऐकल्यासारखी वाटतात का?

कारण तिसरा मुद्दा तोच होता. ‘आपण या देशात पाहुणे. उगीच कशाला सरकारदरबारी नाव?’ ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या मित्राने हे म्हटलं, आणि त्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मीही त्या रांगेत उभी होते. व्हिसा ज्याच्या हातात त्याच्यासमोर मान खाली घालायची सवय काय असते, ते मला ठाऊक आहे. पण खराब मालाची तक्रार करायच्या अर्जात व्हिसाचा रकाना नाही. लॉट नंबर विचारतात, पिशवी कुठे घेतली विचारतात, जनावराचं वय-वजन विचारतात. भीती एका जागी योग्य असेलही. पण तिची सवय झाली की ती घरभर पसरते. आधी कुत्र्याच्या खाण्याबद्दल बोलायचं नाही, मग ओव्हरटाइमबद्दल नाही, मग मुलीला शाळेत जे ऐकून घ्यावं लागतं त्याबद्दलही नाही. आणि पासपोर्ट बदलल्यावरही मान वर येत नाही, कारण तोवर ती तशीच बसलेली असते.

चौथा मुद्दा मुद्दा नव्हताच. ‘जाऊ दे ना.’ त्याच्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि चकल्यांची दुसरी ताटली आली.

या ‘जाऊ दे’चं मूळ मला माझ्या लहानपणच्या स्वयंपाकघरात सापडतं. जेवताना भातात खडा लागला तर काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आवाज न करता तो काढायचा आणि ताटाच्या कडेला ठेवायचा. बोलायचं नाही. बोललं तर रांधणारीचा अपमान. घरात ही रीत सुंदर आहे, कारण रांधणारी दिवसभर राबलेली असते. पण त्या खड्याचा इतिहास पाहा. पुष्कळदा तो तांदळात आपोआप आलेला नसे. वजन वाढावं म्हणून कुणीतरी घातलेला असे. मग दुपारभर घरातल्या बायका ताटात तांदूळ पसरून निवडत बसत. व्यापाऱ्याच्या नफ्याची भरपाई आईच्या आणि आजीच्या डोळ्यांनी होत असे, आणि त्याला आपण ‘निवडणं टिपणं’ असं गोड नाव देऊन बायकांच्या कामात ढकललं. तांदळातल्या खड्याने तराजूला फसवलं, पिठातल्या मेलामाइनने प्रयोगशाळेला. युक्ती तीच.

त्याच मुंबईत १९७५ साली काही माणसांनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा माल घाऊक घ्यायचा, वाटून घ्यायचा, आणि वाईट आला तर सगळ्यांनी मिळून जाब विचारायचा. आमच्या पार्ल्याच्या घरी महिन्याचा तो दिवस सणासारखा असे. बाबा काटा घेऊन बसत, गूळ खराब निघाला की वहीत नोंद होई. तेव्हा मला त्या वहीचा कंटाळा यायचा. आज कळतं की ग्राहक चळवळीतली सगळ्यात मोलाची वस्तू ती वही होती. म्हणजे ‘आपल्या संस्कृतीत तक्रार बसत नाही’ हेही खोटं आहे. खडा बाजूला ठेवणं आपलं आहे, तशी ती वहीही आपलीच आहे. विमानात बसताना बरोबर कोणती घ्यायची ते आपण निवडलं.

कारखाना म्हणजे घरची सुगरण नव्हे. त्याचा मान राखायला आपण त्याच्या पंगतीला बसलेलो नाही. पैसे मोजून माल घेतला आहे. फोनवरची ती गोड बाई बिचारी तिचं काम करते. पण तिचा गोडवा घरचा समजून आपण विरघळतो, खडा ताटाच्या कडेला ठेवतो आणि वर तिचेच आभार मानतो.

तक्रारींनी काही होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी इतकंच. २००७ च्या त्या प्रकरणानंतर त्याच वर्षी काँग्रेसने केलेल्या कायद्यात पाळीव प्राण्यांच्या अन्नासाठी खास कलम आलं. तोवर लहान मुलांच्या फॉर्म्युल्यासारखा अपवाद सोडला, तर अन्न परत बोलवा असा हुकूम द्यायचा अधिकारच एफ.डी.ए.ला नव्हता. कंपनीला विनंती करावी लागे. जानेवारी २०११ च्या कायद्याने तो अधिकार दिला. त्याच कायद्याखाली २०१५ साली प्राण्यांच्या अन्नाचे कारखाने कसे चालवावेत याचे नियम आले. कंपन्यांना अचानक पान्हा फुटला म्हणून हे झालेलं नाही. त्यामागे त्या १७ हजार तक्रारी आहेत.

तेव्हा मंडळी, माझं म्हणणं साधं आहे. कुत्रा, मांजर, पोपट, काहीही पाळत असाल, किंवा काहीच पाळत नसाल आणि उद्या डाळीच्या पाकिटात काच सापडली, तरी आधी स्वतःची एक सवय मोडा. आपण मराठी माणसं घरी आलेली प्रत्येक वस्तू डब्यात ओततो आणि पिशवी फेकतो. पिशवी गेली की लॉट नंबर गेला, आणि लॉट नंबर गेला की तक्रारीला पत्ता उरत नाही. हवं तर डब्यात ओता, पण पिशवीचा तो भाग कापून डब्यात टाका. सापडलेल्या वस्तूचा पट्टीसकट फोटो काढा. उरलेला माल बंद करून ठेवा. एकुलता एक पुरावा कंपनीच्या पाकिटात घालून पाठवू नका. जनावराला काही झालं असेल तर डॉक्टरांकडून लेखी घ्या. कंपनीला कळवाच, पण एफ.डी.ए.कडेही कळवा आणि राज्याच्या शेती खात्याकडेही. पैसे हक्काचे असतील तर जरूर घ्या, डॉक्टरचं बिल सोडायचं काही कारण नाही. फक्त तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर सही करून घेऊ नका.

मी दोन्हीकडे तक्रार केली. एफ.डी.ए.कडून एक क्रमांक आला. त्या कारखान्यातली चाळणी बदलली की नाही, मला कुणी सांगितलेलं नाही, आणि ३४० डॉलर माझ्याच खिशातून गेले. तार अजून माझ्याकडे आहे. चिकटपट्टीने कागदावर लावून, तारीख आणि लॉट नंबर लिहून, बाबांच्या जुन्या वहीत ठेवली आहे. निळ्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी शेजारचं पान मी कोरं सोडलं आहे. तो असता तर कदाचित दोन तक्रारी झाल्या असत्या.

आपली,
न्यू जर्सीतली एक सभासद